उन्हाळ्यात लॅपटॉप मंदावतो: तापमान, क्लॉक आणि मर्यादा ठरवणार कोण?

कापूसकोंड्या
एप्रिल लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारून दे. दुकानात नेला तर रॅम वाढवा, एसएसडी टाका, नाहीतर सरळ नवीन घ्या. लोक पाच-सहा हजार घालवून येतात आणि जूनमधे पाऊस पडला की लॅपटॉप आपोआप बरा होतो, मग सगळ्यांना वाटतं एसएसडीचा गुण आला.

म्हणून हा धागा. प्रोसेसरच्या आत प्रत्येक कोअरजवळ (कोअर म्हणजे काम करणारा एकेक भाग) तापमानाचा सेन्सर असतो. ठरलेल्या मर्यादेला (इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिप्सना १०० अंश) प्रोसेसर पोचला की तो क्लॉक (म्हणजे चालायचा वेग) खाली आणतो, सोबत व्होल्टेजही उतरवतो. चिप थोडी थंड झाली की पुन्हा वर. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. उदाहरणार्थ इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर घ्या, अजून घरोघरी आहे. बेस क्लॉक (नेहमीचा वेग) १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो (थोड्या वेळापुरता वाढवलेला) ३.४. दुपारी दोन वाजता स्लॅबखालच्या खोलीत तो ३.४ ला किती वेळ टिकतो ते एकदा एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि क्लॉक दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघाच.

माझं स्पष्ट मत आहे की क्लॉक कमी होणं हा दोष नाही, उलट त्यामुळेच चिप जगते. दोष आहे तो हे गिऱ्हाइकापासून झाकून ठेवण्यात. खोक्यावर ३.४ मोठ्या अक्षरात, आणि तो आकडा किती वेळ आणि किती अंशांच्या खोलीत मिळेल याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही तापमान आणि क्लॉक बघता का? मर्यादा स्वतः बदलता का? आणि ही मर्यादा ठरवायचा हक्क कुणाचा असावा, कंपनीचा की वापरणाऱ्याचा?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, अकोल्यातून लिवून रायलो. आमच्याकडे मे महिन्यात प्रोसेसरले पगारी सुट्टी द्या लागते 😄

पण खरं सांगतो, कूलर लावला की फरक पडते. ऑफिसात एक्सेलची मोठी फाइल उघडाले सकाळी जेवढा वेळ लागते त्याच्या दुप्पट दुपारी लागते, अन् कूलर सुरू केला की अर्ध्या तासात गाडी रुळावर. एक शंका हाय. कूलरची हवा दमट असते, त्याच्यानं आतला बोर्ड खराब होते काय?

ओमचा_नियम
@वऱ्हाडी_ठेचा, दमट हवेचं पाणी थंड वस्तूवर साचतं. चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे आत दव धरत नाही. फक्त कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, पॅडवरून पाण्याचे बारीक शिंतोडे उडतात आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पंख्यात जाऊन बसतो.

आता खोलीच्या तापमानाचा हिशोब करून दाखवतो, कारण बरेच लोक म्हणतात की चिप १०० ला आणि खोली ४० ला, मग खोलीने काय फरक पडणार. चिपमधून उष्णता बाहेर पडते ती चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकामुळे. समजा एखाद्या लॅपटॉपच्या कूलिंगचा औष्णिक रोध (उष्णता बाहेर जायला होणारा अडथळा) वॅटमागे ३ अंश आहे. खोली २५ ला असेल तर १०० पर्यंत ७५ अंश हातात आहेत, म्हणजे चिप सलग २५ वॅट खाऊ शकते. तीच खोली ४० ला गेली की हातात ६० अंश, म्हणजे २० वॅट.

आता पंख्याच्या पुढच्या तांब्याच्या पट्ट्यांत धूळ अडकून रोध ४ झाला असं धरा. २५ अंशांच्या खोलीत पावणेएकोणीस वॅट, ४० अंशांच्या खोलीत १५ वॅट. ८२५०यू ची कंपनीने सांगितलेली कायमची पॉवर १५ वॅटच आहे. म्हणजे ऊन आणि धूळ दोन्ही एकत्र आले की टर्बो साफ संपला, आणि चिपवरची उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळलेली असेल तर त्याच्याही खाली. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण एक बघा: धुळीने जे नुकसान झालं ते खोलीत १५ अंश वाढल्याने झालेल्या नुकसानापेक्षा जास्त आहे. एसी परवडत नसेल तर निदान ब्रश परवडतो.

निशिगंध
छान धागा. माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. माझा लॅपटॉप चार्जरला लावला की टास्क मॅनेजरमधे ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकतो, ते पण तापमान फक्त ४८ असताना! बॅटरीवर चालवला की व्यवस्थित ३ च्या पुढे जातो. हे पण थ्रॉटलिंगच का? सर्व्हिस सेंटरवाले मदरबोर्ड बदला म्हणतात आणि जो आकडा सांगितला त्यात नवीन येईल.

बायनरी_बाबा
@निशिगंध ताई, मदरबोर्ड बदलू नका, थांबा!!

प्रोसेसरला प्रॉकहॉट नावाची एक वायर असते. प्रोसेसर स्वतः तापला की तिच्यावरून बाहेर ओरडतो. पण बहुतेक लॅपटॉपमधे ती दुहेरी असते, म्हणजे बाहेरचे भागही तिच्यावरून प्रोसेसरला सांगू शकतात की बाबा रे हळू चाल. चार्जर ओळखला गेला नाही किंवा कमी वॅटचा लावला तर बोर्डवरचा कंट्रोलर ती वायर ओढून धरतो आणि प्रोसेसर मुकाट्याने ०.४ किंवा ०.८ वर जाऊन बसतो. तुमचं तापमान ४८ आणि बॅटरीवर नीट चालतो, म्हणजे संशय चार्जरवरच. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनीत मधोमध एक बारीक सुई असते ती ओळख पटवायला, ती वाकली किंवा आतली तार तुटली की हेच होतं. कुणाचातरी त्याच मॉडेलचा ओरिजिनल चार्जर अर्धा तास लावून बघा.

घाटावरचा
कापूसकोंड्या, मुद्दा पटला नाही. दोष नाही कसं म्हणता? चार कोअर, आठ कोअर, चौदा कोअर घालायचे आणि कूलिंग द्यायचं पापडाएवढ्या जाडीच्या डब्यात, मग ते मंदावणारच. हा डिझाइनचाच दोष आहे. २०१८ ला ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोमधे कोअर आय९ घातला तेव्हा हेच झालं. लोकांनी व्हिडिओ टाकले की सलग कामात क्लॉक बेसच्याही खाली जातो. ॲपलने नंतर सांगितलं की फर्मवेअरमधे (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधे) एक डिजिटल की राहून गेली होती, आणि जुलैतच अपडेट दिला. अपडेटने बरंच सुधारलं हे मान्य, पण लोकांनी बोंब मारली नसती तर कुणाला कळलं असतं?

कापूसकोंड्या
@घाटावरचा, अहो आपण एकच बोलतोय. चिप स्वतःला वाचवते तो दोष नाही. वाचवायची वेळ रोज यावी असा डबा बनवणं आणि ते न सांगणं, तो दोष.

ओमचा_नियम
चिप स्वतःला वाचवते हे गृहीत धरू नका बरं का, पूर्वी तसं नव्हतं. २००१ मधे टॉम्स हार्डवेअरने एक प्रयोग केला होता. चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता खेचून घेणारा धातूचा ठोकळा) काढून टाकला. पेंटियम ३ हँग झाला पण वाचला. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. आणि पेंटियम ४ वर गेम चालूच राहिला, फक्त रखडत रखडत. हीटसिंक परत बसवल्यावर पुन्हा पळायला लागला. त्या काळी आम्ही पोरं तो व्हिडिओ एकमेकांना सीडीवर देत होतो.

त्याच पेंटियम ४ ची दुसरी बाजू म्हणजे क्लॉक वाढवत नेण्याची शर्यत. १९७४ ला रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाने मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत गेले की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, म्हणून तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. २००५ च्या आसपास ते गणित थांबलं, कारण व्होल्टेज आणखी खाली नेलं की करंटची गळती वाढायला लागली. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचा बेत २००४ मधे रद्द केला. तेव्हापासून आपण सगळे उष्णतेच्या बजेटवर जगतोय.

सदाफुली
मला एवढं टेक्निकल कळत नाही पण फोनचं विचारते. आमचं काम उन्हात शेतात उभं राहून नकाशे बघायचं आणि फोटो काढायचं. दुपारी फोनचा ब्राइटनेस आपोआप कमी होतो, उन्हात काहीच दिसत नाही, मग कॅमेरा बंद पडतो, फोन गरम झालाय असा मेसेज. फोनला पंखा नसतो ना? मग काय करायचं?

इलेक्ट्रॉन_काकू
सदाफुली, फोनमधे गंमत अशी की बहुतेक वेळा चिप स्वतःच्या मर्यादेला पोचतच नाही. फोन हातात धरायचा असतो आणि कानाला लावायचा असतो, म्हणून पाठीच्या तापमानावर वेगळी मर्यादा असते, ती चिपच्या मर्यादेपेक्षा खूपच खाली असते. बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. त्यामुळे चिप ६०-७० वर असतानाच क्लॉक उतरतो, मग स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, मग कॅमेरा जातो.

तुमच्या बाबतीत ऊन, जीपीएस, पूर्ण ब्राइटनेस आणि मोबाइल डेटा सगळं एकाच वेळी. त्यात पॉवर बँक लावलेली असेल तर संपलंच. नकाशा सकाळी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, जाड रबरी कव्हर शेतात काढा, चार्जिंग गाडीत बसल्यावर करा, आणि दोन फोटोंच्या मधे फोन स्वतःच्या सावलीत धरा. फ्रीजमधे किंवा बर्फाच्या पिशवीवर अजिबात ठेवू नका, तिथे मात्र खरंच आत पाणी धरतं.

मी फर्मवेअरमधेच काम करते म्हणून मूळ विषयावर थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

चिपची चालू असतानाची पॉवर साधारण कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक अशी असते. इथे सगळा जीव त्या वर्गात आहे. क्लॉक २० टक्के उतरवला आणि त्यामुळे व्होल्टेज १० टक्के उतरवता आलं तर पॉवर ०.८ गुणिले ०.८१, म्हणजे जवळपास ३५ टक्क्यांनी कमी. वेग पाचवा हिस्सा गेला, उष्णता एक तृतीयांशाहून जास्त गेली. म्हणून नुसता क्लॉक उतरवण्यापेक्षा दोन्ही एकत्र उतरवणं फायद्याचं. पहिल्या पेंटियम ४ मधे हे नव्हतं. तिथे क्लॉक तोच ठेवून मधेमधे बंद-चालू करायचे, व्होल्टेज तसंच राहायचं, म्हणून वेग जेवढा जायचा तेवढीच उष्णता जायची, वरचा फायदा नाही. व्होल्टेजही उतरवायची पद्धत नंतर आली.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती. चिप जितकी गरम तितकी ती काही न करताही जास्त करंट खाते, म्हणजे आणखी गरम. त्यामुळे तोच क्लॉक, तेच काम, पण ९५ अंशांवरची चिप ६० अंशांवरच्या चिपपेक्षा जास्त वॅट खाते. कूलिंग सुधारलं की दुहेरी फायदा होतो तो यामुळे.

आणि नियंत्रण लिहिताना खरी डोकेदुखी असते ती वेळेची. चिपचा एखादा कोपरा काही मिलिसेकंदांत तापतो, हीटसिंकला सेकंद लागतात, लॅपटॉपच्या अंगाला दहा-वीस मिनिटं. १०० ला उतरवा आणि ९९ ला चढवा असं लिहिलं तर क्लॉक सारखा वर-खाली नाचत राहतो, गेममधे तो झटक्यासारखा जाणवतो. म्हणून उतरताना लगेच आणि चढताना दमाने, मधे काही अंशांची फट सोडून. लिनक्सवर एआरएम या चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीने दिलेला पॉवर ॲलोकेटर नावाचा गव्हर्नर (नियंत्रण ठेवणारा प्रोग्राम) आहे, तो पीआयडी कंट्रोल (फरक मोजून सतत दुरुस्त करत राहायची पद्धत) वापरून अंदाज घेतो की आत्ता किती वॅट परवडतील, आणि तेवढे सीपीयू-जीपीयूत वाटतो. मला विचाराल तर पायऱ्या पायऱ्यांनी उतरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

लिनक्सवाल्यांनी थर्मल झोनच्या (तापमान दाखवणाऱ्या) फाइलमधे ६७००० बघून घाबरू नये, तो आकडा मिलिअंशांत असतो. ६७ अंशच.

बायनरी_बाबा
काकू __/\__ हे जपून ठेवतो.

एक भर घालतो, कारण इथे ९० टक्के लोक गल्लत करतात. क्लॉक उतरला म्हणजे तापमानामुळेच उतरला असं नाही. इंटेलमधे पॉवरच्या दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. काम सुरू झाल्या झाल्या पीएल२ पर्यंत खायला परवानगी, मग ठरावीक वेळाने, बऱ्याच लॅपटॉपमधे २८ सेकंदांच्या आसपास, पीएल१ वर यायचं. तापमान ७५ असेल तरी. मग लोक म्हणतात ७५ लाच थ्रॉटल होतंय, पेस्ट बदला. पेस्ट बदलून काहीही होणार नाही. एचडब्ल्यूइन्फोत थर्मल आणि पॉवर लिमिट अशा वेगवेगळ्या ओळी असतात, कुठल्या ओळीपुढे येस येतंय ते आधी बघा.

घाटावरचा
मग माझं काय? एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतला डेस्कटॉप घेतलाय, रेंडर (व्हिडिओ-चित्रं तयार करायचं जड काम) लावला की सरळ ९५ ला जाऊन चिकटतो. दुकानदार म्हणतो नॉर्मल आहे. पन्नास-साठ हजार घालून ९५ नॉर्मल?

ओमचा_नियम
दुकानदार बरोबर सांगतोय. त्या मालिकेत एएमडीने ९५ हे लक्ष्य म्हणूनच ठेवलंय. तापमानात जागा शिल्लक आहे तोवर क्लॉक वाढवत न्यायचा, ९५ ला थांबायचं. प्रोसेसरवर मोठा कूलर लावलात तरी तो ९५ लाच जाईल, फक्त क्लॉक थोडा जास्त मिळेल. खोलीत भट्टी नको असेल तर बायॉसमधे (मशीनच्या मूळ सेटिंग्जमधे) इको मोड चालू करा, वॅट बरेच कमी होतात आणि रेंडरचा वेळ त्या मानाने थोडाच वाढतो. काकूंनी सांगितलेला वर्ग इथे पण कामाला येतो.

तळकोकणी
आमच्याकडे ऊन तुमच्याएवढं नसलं तरी घाम आणि लाईट दोन्ही जीव काढतात. मी रास्पबेरी पायवर (एकाच बोर्डचा छोटा कॉम्प्युटर) घरचे कॅमेरे चालवतो. पाय ४ ला ८० अंशांपासून क्लॉक उतरायला लागतो, ८५ ला पूर्ण दाबतो. ३बी+ तर ६० लाच १.४ वरून १.२ वर येतो, ते मुद्दामच तसं ठेवलंय.

पण मुद्दा असा की तिथेही तापमानाच्या नावावर भलतंच खपतं. गेट थ्रॉटल्ड ही कमांड दिली की ०एक्स५०००५ असा आकडा येतो आणि लोक पंखे विकत घेतात. त्यातला शेवटचा ५ म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे क्लॉक दाबलाय, सुरुवातीचा ५ म्हणजे हेच आधीही घडून गेलंय. तापमानाचा त्यात संबंध नाही. फोनचा जुना चार्जर आणि लांबलचक बारीक केबल, तिच्यातच व्होल्टेज पडतं. चांगली जाड, आखूड केबल घ्या, विषय संपला. तापमानाच्या मर्यादेसाठी वेगळा बिट (हो-नाही सांगणारी खूण) आहे, तो लागला तर शेवटी ८ येतो.

निशिगंध
बाबा, शेजारच्या काकांच्या मुलाकडे सेम चार्जर होता, तो लावला आणि ३.१ वर गेला!!! नवीन चार्जर मागवलाय. मदरबोर्डचे पैसे वाचले, कितीही आभार मानले तरी कमीच.

आता हे कळल्यावर हुरूप आलाय. थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधे तो बीडी प्रॉकहॉटचा (बाहेरून ती वायर ओढू देण्याचा) टिक काढता येतो असं वाचलं, काढून ठेवू का कायमचा? आणि अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज मुद्दाम कमी करणं) पण करायचंय पण तो पर्याय लॉक दिसतोय.

इलेक्ट्रॉन_काकू
टिक कायमचा काढू नका. चार्जर नवीन येतोय, मग गरजच काय? तीच वायर व्होल्टेज रेग्युलेटर (प्रोसेसरला वीज देणारा भाग) खरोखर तापला तरी ओढली जाते. ती तोडली तर प्रोसेसरला कळणारच नाही की शेजारी जळायला आलंय.

अंडरव्होल्ट लॉक असण्याचं कारण सुरक्षेचं आहे. डिसेंबर २०१९ मधे प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर झाला. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज नेमकं इतकं खाली आणायचं की प्रोसेसर गणितात चुकेल, आणि त्या चुकीतून एसजीएक्समधल्या (प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्यातल्या) गुप्त किल्ल्या काढायच्या. त्यानंतर इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) दिला आणि कंपन्यांनी बायॉस अपडेटमधून ती सोय बंद केली.

घाटावरचा
बघा! हेच मी म्हणतो. मशीन माझं, वीजबिल माझं, आणि एका रात्रीत अपडेट येऊन माझी सोय काढून घेतली. एसजीएक्स मी आयुष्यात वापरलं नाही. निदान विचारायचं तरी. बायॉसमधे एक पर्याय ठेवायला काय जात होतं? काहींनी ठेवलाय पण.

बायनरी_बाबा
अंडरव्होल्ट नाही तर नाही, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. बहुतेक इंटेल मशीनवर टर्बो बंद होतो आणि क्लॉक बेसच्या आसपास राहतो. आईच्या लॅपटॉपवर मी हेच करून ठेवलंय. ती यूट्यूबवर कीर्तन आणि रेसिपी बघते, तिला फरक कळत नाही आणि पंख्याचा आवाज गेला.

कापूसकोंड्या
मर्यादा कुणाची यावर काकूंचं मत ऐकायचंय, त्या आतल्या आहेत.

इलेक्ट्रॉन_काकू
माझं वैयक्तिक मत. वरची मर्यादा कंपनीचीच असावी. १०० चं ११० करायची मुभा वापरणाऱ्याला देऊ नये, कारण सिलिकॉन किती सोसेल ते बनवणाऱ्यालाच माहीत असतं, आणि चुकलं तर दुरुस्ती नाही. पण त्याच्या खाली कुठे थांबायचं ते मालकाने ठरवावं. इंटेलच्या अनेक चिप्समधे ही सोय मुळातच आहे, टीसीसी ऑफसेट म्हणतात, १५ टाकलं की १०० ऐवजी ८५ लाच क्लॉक उतरायला लागतो. लॅपटॉप मांडीवर ठेवून काम करणाऱ्याला ८५ हवं असेल तर तो त्याचा हक्क आहे. तो पर्याय बायॉसमधून गायब करायला काहीही तांत्रिक कारण नाही, हे मी जबाबदारीने सांगते.

आणि झाकून ठेवण्याबद्दल कापूसकोंड्याशी शंभर टक्के सहमत. खोक्यावर टर्बोच्या शेजारी सलग अर्धा तास किती वॅट टिकतात आणि किती अंशांच्या खोलीत, एवढं छापा. आकडा कंपनीकडे असतोच, टेस्ट केल्याशिवाय मशीन बाहेर पडत नाही. फक्त आपली खोली ४० ला असते आणि त्यांची २५ ला.

वऱ्हाडी_ठेचा
अन् गिऱ्हाइकानं पण दुकानात मागा लागते बाप्पा. म्या मागच्या खेपेला इचारलं सलग किती वॅट, तर पोरगा मायाकडे पाहतच रायला. पण मॅनेजरले बोलावलं त्यानं. दहा जणांनी इचारलं तर अकराव्याच्या वक्ती उत्तर तयार राहीन.

बरं मले पट्ट्या साफ करायच्या हाय. ब्लोअर मारू काय डायरेक्ट?

बायनरी_बाबा
मारा पण आधी मशीन बंद, बॅटरीचा कनेक्टर काढा, आणि पंख्याची पाती बोटाने किंवा टूथपिकने अडवून धरा. ब्लोअरने पंखा सुसाट फिरला की बेअरिंग जातं. खालचं झाकण उघडल्याशिवाय मारलं तर धूळ आतल्या आत सरकते फक्त. पंखा वेगळा काढला की त्याच्या आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे धुळीची सलग पट्टी सापडेल, ती चिमट्याने उचलली की अख्खी निघते. तिच्यामुळेच सगळं रामायण.

निशिगंध
मी पण हेच करणार आता. उघडतेच आहे तर पेस्ट कुठली लावू? लॅपटॉप चार वर्षांचा आहे.

ओमचा_नियम
लॅपटॉपच्या चिपला वर झाकण नसतं, तापणं-थंडावणं सतत चालू असतं, त्यात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून घट्टसर पेस्ट घ्या. त्यापेक्षा हनीवेलचा पीटीएम७९५० हा फेज चेंज पॅड मिळाला तर उत्तम. ४५ अंशांच्या आसपास मऊ होतो आणि सगळीकडे नीट बसतो, एकदा लावला की बरीच वर्षं बघावं लागत नाही. बाजारात नकली खूप आहेत, ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. चिपच्या मापाने कापून, प्लास्टिक सोलायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमधे ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो प्लास्टिकबरोबरच फाटून येतो.